धोंडुबाईची भिंत

आधारासाठी बसवलेली दांडी पहिल्याच दिवशी धोंडुबाईच्या हातात आली. नुसती दांडी नव्हे; तिच्यामागची फरशी, फरशीमागचा बोर्डाचा ढलपा आणि प्लास्टिकचे प्लग असा सगळा सरंजाम घेऊन ती न्हाणीघरात खाली बसली. बसली म्हणजे पडलीच, पण कमोडला पाठ लागली म्हणून खुब्यात घातलेली सळई वाचली. आवाज ऐकून सून राणी धावत आली, तिच्यामागून मुलगा सूरज आला. सूरजनं आधी भिंत पाहिली, मग फरशीचे तुकडे पाहिले आणि मग आईकडं वळून म्हणाला, "आये, येवढा जोर कशाला दिलास गं?"

धोंडुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धरायला बसवलेली वस्तू धरली, हा तिचा गुन्हा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या आणखी काय वेगळ्या असतात?

"मग काय तिला हळदकुकू लावायचं हुतं व्हय रं?" ती खालूनच ओरडली.

राणीनं तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. धोंडुबाईनं तो हात झिडकारला नाही, कारण झिडकारून उभं राहता येत नव्हतं. तिला खरा डंख बसला तो हा.

आता ही धोंडुबाई कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर एका दांडीवरून एवढं रामायण कशाला, असं कुणालाही वाटेल. विट्याच्या पुढं माळामाळानं गेलं की तिचं गाव लागतं. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन जातो. धोंडुबाईचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार बांधायचा, वर कोंबड्या आणि कुत्र्याची पिल्लं बसवायची आणि मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं. पलूसकडं, आष्ट्याकडं बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं आणि यांच्या पोटाला धान्य. सूरज असाच आष्ट्याच्या शिवारात एका बांधाला जन्मला. तिसऱ्या दिवशी धोंडुबाई पोर पाठीला बांधून वाटेला लागली होती. तिच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्यानं उचलून दिलेलं तिला चालत नसे. गुडघा टेकायची, ओझं डोक्यावर घ्यायची आणि उठायची.

आणि आणखी एक गोष्ट, जी बायका बोलत नाहीत पण सगळ्यांना ठाऊक असते. एवढ्या वर्षांच्या फिरस्तीत, उघड्या माळावर, परक्या रानात, तिनं आपला आडोसा आपण शोधला. कधी बांधाआड, कधी बाभळीच्या काट्यांच्या फेसाटीमागं, कधी अजून तांबडं फुटायच्या आत. कुणाला विचारलं नाही, कुणाला सोबत मागितली नाही. उघड्यावर राहून जिनं आपली लाज सांभाळली, तिनं बंगल्यात आल्यावर ती दुसऱ्याच्या हाती द्यायची? हा कुठला न्याय?

बंगला सूरजचा. मिसरूड फुटायच्या आत तो पाहुण्याबरोबर कोइमतूरला गेला, दुसऱ्याच्या गलाईच्या दुकानात कोळशापुढं बसला, सोनं वितळवायला शिकला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. कष्टाळू माणूस, त्याबद्दल दुमत नाही. गलाईवाल्यांच्या रीतीप्रमाणं त्यानंही गावात बंगला बांधला. जत्रेला आणि दिवाळीला उघडायचा, बाकीचं वर्ष कुलूप. माळावर असे बरेच बंगले उभे आहेत, रंगीत आणि गप्प. मागच्या साली धोंडुबाई गोठ्यात घसरली, खुबा मोडला, मिरजेला ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. तेव्हा बंगल्याचं कुलूप कायमचं निघालं. राणी सासूपाशी राहिली, सूरज कोइमतूर-गाव करू लागला.

धोंडुबाईच्या खोलीला जोडून न्हाणीघर होतं, पण त्याचं दार आत उघडायचं आणि वॉकर घेऊन आत वळताच यायचं नाही. सांगलीचा इंटिरिअरवाला वीरधवल आला, त्यानं टेपनं मोजलं आणि सांगितलं, भिंतीत सरकणारं दार बसवू. मधली विटांची भिंत पाडली, तिच्या जागी पत्र्याच्या पट्ट्यांची पोकळ चौकट उभी केली, दोन्ही अंगांनी बोर्ड मारले, आतून फरशी लावली. दार ढकललं की त्या पोकळीत जाऊन बसायचं. सूरज सगळं काम कोइमतूरहून मोबाइलवर बघत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि तेही मेंढपाळाच्या पोरानं!

खोटं कशाला बोला, दार धोंडुबाईला आवडलं होतं. "ह्ये ब्येस हाय," ती म्हणाली होती. "गुमान भित्तीत जातंय, कुनाच्या पायात येत न्हाई." पण कमोडच्या हाताशी जी भिंत येत होती ती नेमकी हीच पोकळ भिंत. दांडी लागणार तीही इथंच, दुसरी जागाच नव्हती. आणि वीरधवलनं ती नुसत्या बोर्डात, बोटाएवढ्या स्क्रूवर टांगून ठेवली होती, कॅलेंडर टांगावं तशी.

दांडी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वीरधवल आला. पांढरे बूट, कानात मोबाइलचं यंत्र, बोलणं मऊ.

"आजी, ही दांडी तोल सांभाळण्यापुरती असते. तिच्यावर पूर्ण वजन टाकायचं नसतं."

"तोल गेला की वजन कुटं ठेवायचं, बाबा? तुज्या खिशात?"

वीरधवल हसला. सूरजही हसला. धोंडुबाई हसली नाही.

मग त्या दोघांनी तिच्या डोक्यावरून बोलायला सुरुवात केली. ती मधे खाटेवर बसलेली आणि हे दोघं तिच्या दोन बाजूंना उभे. वीरधवल सांगत होता की भिंत आतून उघडावी लागेल, जमिनीपासून स्लॅबपर्यंत लोखंडी चौकोनी पाइप उभे करावे लागतील, पाइपांना जाड प्लाय मारावा लागेल आणि मग दांडी त्या प्लायला कसावी लागेल. स्क्रूही बेतानं, नाहीतर आत सरकणाऱ्या दाराला लागायचे. भिंतीची जाडी वाढेल. ही फरशी आता मिळायची नाही. लुक जाईल.

"आन लगीन पंधरवड्यावर आलंय," सूरज म्हणाला. "रंग नुकताच झालाय. लग्न झालं की करू."

लग्न म्हणजे सूरजच्या मुलाचं, मल्हारचं. कोइमतूरहून, बेंगलोरहून, हैदराबादहून गलाईवाले पाहुणे येणार होते. ते बंगला बघणार होते. न्हाणीघरसुद्धा बघणार होते, कारण भिंतीत जाणारं दार गावात दुसरीकडं कुठं नव्हतं. मग तिथं भगदाड कसं दिसावं? वीरधवलनं त्यावर तोडगा काढला. भोकात काहीतरी पांढरं लुकण भरलं, वर गुलाबाच्या फुलांचं स्टिकर चिकटवलं आणि ती दांडी होती तिथं डिंकासारख्या कशानं तरी पुन्हा लावून टाकली.

"फक्त दिसायला आहे हां," तो राणीला म्हणाला. "आजींना धरू देऊ नका."

ऐकलंत? म्हातारीच्या आधाराची दांडी, पाहुण्यांना दिसायला! पायात बेडी घालून वर पैंजणाचं कौतुक करावं, त्यातली गत. धोंडुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सूरजला विचारलं, "माज्यापरीस पावनं लय जवळचं हायती का तुला?"

"आये, पंधरा दिसाचा तर सवाल हाय. राणी हाय की धराय."

राणी होती. राणीविरुद्ध धोंडुबाईचं काही म्हणणं नव्हतं. बिचारी हाक मारली की यायची, पिठाचा हात तसाच घेऊन यायची, तोंड फिरवून उभी राहायची आणि उठवायची वेळ आली की काखेत हात घालायची. कधी कपाळाला आठी नाही. पण धोंडुबाईला तो तोंड फिरवलेला चेहराच नको वाटे. लग्नघर, राणीला हजार कामं, दाराशी शिवणवाली बसलेली, आणि हाक मारायची ती कशाला? तर याला! म्हातारीनं त्यावर आपला उपाय काढला. तिनं पाणी पिणं सोडलं. सकाळी चहाची बशी, दुपारी भाकरीबरोबर ताकाचा घोट, संपलं. राणीनं विचारलं की म्हणायची, "तान न्हाई गं." ओठ सुकले, जीभ टाळ्याला चिकटू लागली, लघवीला जळजळू लागलं, पण हाक मारायची वेळ कमी आली. दुष्काळात मेंढरासाठी टँकरमागं पळालेली बाई, घरात फिल्टर असताना तहानेली राहिली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. राणीच्या आलं असावं, पण तिचं कोण ऐकत होतं!

बरं, सगळ्या घरात असंच पोकळ काम असतं तर माणूस म्हणालं असतं, जाऊ दे. पण हॉलमध्ये टीव्हीची भिंत होती ना! तीही तसलीच, बोर्डाची, आतून वायरी नेण्यासाठी पोकळ ठेवलेली. तिच्यावर खाटेएवढा टीव्ही लटकत होता. धोंडुबाई हॉलमध्ये बसे तेव्हा तिची नजर तिथं जाई. पोरं त्या टीव्हीला लोंबकळायची, मल्हारचा एक दोस्त एकदा त्याला टेकून उभा राहिला, तरी तो जागचा हलला नाही. तिच्या मनात येई, ह्यो कसा पडत न्हाई? पण तिनं ते कुणाला विचारलं नाही. विचारलं की लोक समजावून सांगायला लागतात, आणि समजावणाऱ्यांचा तिला कंटाळा आला होता.

लग्न विट्याला एका मोठ्या कार्यालयात झालं. कार्यालयात जाताना राणी हळूच म्हणाली, "आत्ती, तितलं संडास खाली बसायचं हाय. कसं करूया?"

"काय करायचं न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "मी आदल्या रातीपास्नं पानी घेटल्यालं न्हाई."

नातवाच्या लग्नात आजी पहिल्या रांगेत बसली, नवं लुगडं, कपाळाला भंडारा. लोक येऊन पाया पडत होते आणि सरबताचे ग्लास पुढं करत होते, ती हातानं नको म्हणत होती. अक्षता झाल्या. मग मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. व्याही झाले, मामे झाले, सरपंच झाले आणि माइकवरून पुकारा झाला, बंगल्याचं सुंदर काम करणारे आपले वीरधवल साहेब! वीरधवल स्टेजवर गेला. सूरजनं स्वतः त्याला फेटा बांधवला, नारळ दिला, शाल दिली. टाळ्या पडल्या. धोंडुबाईचे हात मांडीवरच राहिले.

दिवस कलताना वरात घरी आली. दारात ढोल सुरू झाले, तरण्या पोरांनी गजी नाचाचा फेर धरला. उंबऱ्यावर माप मांडलेलं, राणी ओवाळायला ताट घेऊन उभी, बायकांची झुंबड, नवरीला नाव घ्यायचा आग्रह चाललेला. त्या गडबडीत धोंडुबाई वॉकर टाकत मागच्या दारानं आपल्या खोलीत आली. एवढ्या तासांचं तुंबलेलं होतं, पोटात कळ येत होती. राणीला हाक मारावी असं एकदा मनात आलं. पण सून पहिल्यांदा सासू होत होती, तिला ओवाळता ओवाळता कसं बोलवायचं? धोंडुबाई आत गेली आणि दार सरकवून घेतलं.

कमोडवर बसते न बसते तोच तिच्या कानाशी, भिंतीच्या पलीकडून, ठाण ठाण आवाज सुरू झाला.

आप्पासो आले होते. आप्पासो तिचे धाकटे दीर, भावकीतले आता तेच वडीलधारे, कानानं ठार. या घराण्याची रीत अशी की वरात घरी आली की नवरदेवाचं बाशिंग देवाजवळ खिळ्याला बांधायचं, आणि तो खिळा वडीलधाऱ्यानंच ठोकायचा. देव्हारा होता धोंडुबाईच्या खोलीत. खुद्द धोंडुबाईनंच चार दिवस आधी त्यांना ओरडून ओरडून सांगितलं होतं, "भावजी, बाशिंग देवापशीच बांधा, हॉलात नको." देवापाशी भिंत होती ती हीच, दार गिळणारी. आप्पासोंनी पहिला खिळा मारला, तो लोण्यात गेल्यासारखा गेला आणि सुटा झाला. जन्मभर दगडमातीच्या भिंतीत खिळे ठोकलेला माणूस. त्यांना वाटलं, भिंत मऊ आहे, खिळा लहान पडतोय. त्यांनी पिशवीतला सगळ्यात लांब खिळा काढला, चांगला आरपार बसेल असा हाणला, बाशिंग बांधलं, हात जोडले आणि गजी बघायला बाहेर गेले.

"भावजी! आवं, काय ठोकताय?" धोंडुबाई आतून ओरडत होती. बाहेर ढोल आणि आत बहिरे कान. कोण ऐकणार?

उठायची वेळ आली. दांडी हाताशी होती, गुलाबाच्या स्टिकरवर चकाकत होती. धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं आणि हात मागं घेतला. वॉकर जवळ ओढला, दोन्ही हात रोवले, दात आवळले आणि तिसऱ्या खेपेला ती उठली. घामानं चोळी भिजली. दार सरकवायला गेली, तर दार वीतभर गेलं आणि खट्ट करून थांबलं. पुन्हा ढकललं. खट्ट. पोकळीत आडवा आलेला खिळा दाराला आत घेत नव्हता.

वीतभर फटीतून तिला आपली खाट दिसत होती, देव दिसत होते, कडेला हलणारं बाशिंग दिसत होतं. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी वॉकरवर रेलून ती एका पायावर भार देऊन उभी राहिली, कारण पुन्हा बसलं तर पुन्हा उठता येईल याची तिला खात्री नव्हती. डोळ्यात पाणी आलं. रागाचं होतं ते. घाबरली असती तर तिनं तसं म्हटलं असतं.

नवरानवरी देवाच्या पाया पडायला आली तेव्हा कुठं कुणाला कळलं. मल्हार आणि रेश्मा पुढं, मागं सूरज, राणी, आप्पासो, वीरधवल आणि अर्धी भावकी. रेश्मा देवापुढं वाकली आणि तशीच थबकली. शेजारच्या फटीतून एक डोळा तिच्याकडं बघत होता.

"आज्जी?" ती म्हणाली. आणि पोर मोठी धीराची, तिनं त्या फटीसमोरच वाकून नमस्कार केला.

"सुकी ऱ्हा, बाय," आतून आवाज आला, घोगरा. "आन ह्या घरात काय बी धरायच्या आदी हालवून बग."

मग एकच गलका झाला. सूरजनं दार ओढलं. वीरधवल ओरडला, जोर लावू नका, वरची पट्टी वाकेल, खिळा आत गेलाय, तो काढा. आप्पासोंना कुणीतरी कानात सांगितलं, तसे ते खवळले. "बाशिंग बांधल्याला खिळा उपटायचा? लगीन लागून दिवस मावाळला न्हाई आजून! आपशकुन हाय त्यो!" भावकीतल्या दोघातिघांनी मान डोलावली. एक म्हणाला, मग दारच कापू. दुसरा म्हणाला, दार महागाचं आहे. वीरधवल म्हणाला, सांगलीहून माणूस बोलावतो, तोवर आजींनी आत बसून राहावं. बसून राहावं! खिळ्याचा शकुन, दाराची किंमत, पट्टीचा वाकडेपणा, सगळ्यांची काळजी वाहायला माणसं होती. आत एका पायावर उभी असलेली बाई तेवढी कुणाच्या हिशेबात नव्हती.

"खिळा नगा काढू," धोंडुबाई आतून म्हणाली. "भित काडा."

"आये, जरा दम धर. बगतोय न्हवं आमी?" सूरज म्हणाला.

या शब्दांवर तिचा दम संपला. तिनं एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्या हातानं ती दिसायला लावलेली दांडी हिसडली. दांडी तिच्या मुठीत आली, स्टिकरसकट. स्टीलची, चांगली वजनदार. तीच उलटी धरून तिनं भगदाडाच्या जागी हाणली. फरशीचा तुकडा खाली आला. पुन्हा हाणली. मेंढरांना डहाळ्या तोडून घातलेला हात होता तो. खुबा मोडला होता, हात नव्हता मोडला.

"आज्जे, सर मागं!" मल्हार ओरडला. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून रेश्माच्या हातात दिला आणि खोलीच्या बाजूनं बोर्डाला लाथ घातली. मग दोन्ही हात घालून तो ओढलाच. बोर्डाचा भला मोठा तुकडा सुटून आला, त्यातच खिळा आणि खिळ्याला बाशिंग, सगळं एकत्र. दार मोकळं झालं आणि सरकन पोकळीत गेलं.

"खिळा उपाटला न्हाई," आप्पासो समाधानानं म्हणाले. "भितच आली संगं. चालतंय." मग त्यांची नजर उघड्या भिंतीच्या आत गेली. पत्र्याच्या नखाएवढ्या जाडीच्या पट्ट्या, मधे हवा. "आगं आयायाय! बडा घर पोकळ वासा!"

धोंडुबाई बाहेर आली. अंगावर चुन्याची पांढरी धूळ, एका मुठीत दांडी. वाट द्यायला माणसं मागं सरली. ती सरळ वीरधवलपुढं जाऊन थांबली.

"टीव्हीच्या भित्तीत काय घाटलंयस रं?"

वीरधवलनं फेटा सावरला. "पाइप आहेत, आजी. आणि प्लाय."

"म्हंजी ठावं हुतं तुला." तिचा आवाज चढला नाही. "येत नसतं तर मी बोलली नसती. येतंय, आन क्येलं न्हाईस."

सगळे वीरधवलकडं बघू लागले. फेट्याखाली त्याचं कपाळ लाल झालं. माणूस कोपऱ्यात सापडला की खरं बोलतो. तो म्हणाला, "मी दोन्हीकडं पाइप टाकायचे म्हणत होतो. सूरजदादांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, न्हाणीघराची भिंत जाड नको, टीव्हीपुरतं करा."

धोंडुबाईनं मान वळवून सूरजकडं बघितलं. एवढे दिवस तिनं त्या पांढऱ्या बुटवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि शिव्या पत्ता चुकून जात होत्या. सूरज काहीतरी बोलणार होता. "आये, तवा मला काय म्हाईत..." एवढंच निघालं आणि त्यालाच ते अपुरं वाटलं असावं. गर्दीसमोर पोराला फाडून खायचं तिच्या जिभेवर आलं होतं. नवी सून उभी होती म्हणून तिनं ते गिळलं. एवढंच म्हणाली, "उद्या भित बांदायची."

"उद्या जागरण हाय, आये. वाघ्या-मुरळी सांगिटल्याती. खंडोबाचं कसं थांबवायचं?"

"देवाला थांबता येतंय. म्हातारीच्या मुताला न्हाई."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक राणीच. सूरजला हसू आलं नाही.

जागरण पुढं गेलं. सकाळीच सांगलीहून माणसं आली आणि विट्याहून लोखंड आलं. जमिनीत आणि वर स्लॅबमध्ये पकडलेले पाइप उभे राहिले, त्यांच्यावर जाड प्लाय बसला, प्लायवर नवा बोर्ड, त्यावर फरशी. जुन्या रंगाची मिळाली नाही, मिळेल ती लावली. पाहुणे अजून घरातच होते, त्यांना सगळं दिसत होतं आणि धोंडुबाई दारात खुर्ची टाकून बसली होती, तेही त्यांना दिसत होतं. भिंत दोन बोटं जाड झाली. दार पहिल्यासारखंच सरकत होतं. शेवटचा स्क्रू फिरला तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. वीरधवल म्हणाला, "आजी, बघा धरून."

"मी न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "सूरज, तू."

सूरज पुढं झाला. दांडी धरून ओढून बघितली, हलली नाही. तो वळायला लागला.

"तसं न्हवं. बस."

तो कमोडवर बसला. अंगानं भरलेला माणूस, दुकानात गादीवर बसून पोट सुटलेलं.

"डावा पाय उचल. टेकवायचा न्हाई. आता ऊठ."

सूरज उठायला गेला आणि बसला. पुन्हा गेला, पुन्हा बसला. मग दोन्ही हातांनी दांडी धरली, तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि सगळा भार त्या दांडीवर टाकून तो कसाबसा उभा राहिला. उभा राहिल्यावरही त्यानं दांडी सोडली नाही. दारातून कामाची माणसं बघत होती, मल्हार बघत होता. बघणाऱ्यांसमोर असं उठावं लागणं काय असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"भाईर हो," धोंडुबाई म्हणाली. "समदीच व्हा."

तिनं दार सरकवलं. बसली. हात दांडीवर ठेवला, आधी नुसता, मग भार देऊन. भिंत हूं की चूं करेना. ती उठली, एका दमात, कुणाच्या काखेतल्या हाताशिवाय. तिला वाटलं होतं बरं वाटेल. बरं वाटलंच नाही असं नाही. पण त्याच्या वर राग उसळून आला, पहिल्यापेक्षा मोठा. एवढंच होतं? चार पाइप आणि दिवसाचं काम? एवढ्यासाठी ती तहानेली बसली, एवढ्यासाठी रोज सुनेच्या फिरवलेल्या तोंडाकडं बघितलं! काम अवघड असतं तर तिनं पोराला माफ केलं असतं. ते सोपं होतं, हेच तिला सोसवेना.

ती बाहेर आली तेव्हा खोलीत एकटा सूरज उभा होता, हाताची घडी घालून, लहानपणी मार खायच्या आधी उभा राहायचा तसा.

"घट्ट हाय न्हवं, आये?"

"भित तरी हाय," ती म्हणाली, आणि वॉकर पुढं टाकत त्याला वळसा घालून निघून गेली.